घाट एकदाच उतरा, एकदाच चढा

थंडी पडू लागली की गाडी काढून कोकणात उतरायचे बेत घरोघरी सुरू होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही तोच होतो. सह्याद्रीचे घाट, धरणांचे जलाशय आणि सागरी महामार्ग हे सगळं एका फेरीत बसवू पाहणाऱ्यांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्याचे चौघं, एक गाडी, हाताशी सात दिवस. यादीत महाबळेश्वर, तापोळा, कास, राधानगरी, आंबोली, मालवण, गणपतीपुळे आणि हरिहरेश्वर आहे. मोबाइलवरच्या नकाशात एकूण अंतर फार दिसत नाही. क्रम कसा लावावा?

आधी यादीतून महाबळेश्वर, तापोळा, कास आणि आंबोली खोडा. ठिकाणं उत्तम आहेत, पण ती धरली की आंबेनळीने उतरा, आंबोलीने चढा, पुन्हा फोंड्याने उतरा आणि शेवटी ताम्हिणीने वर या, अशी उठबस होते. घाटाचा रस्ता दहा-पंधरा किलोमीटरचाच असतो. पण त्याच्या आधीचा चढ, नंतरची वळणं, मधलं थांबणं आणि पुढे अडकलेला ट्रक धरला तर प्रत्येक घाटापायी अर्धा दिवस जातो. म्हणून घाट एकदाच उतरायचा, किनाऱ्याने एकाच दिशेने जायचं आणि शेवटी एकदाच चढायचं. महाबळेश्वर-तापोळा-कास ही तीन दिवसांची वेगळी सहल आहे, ती तशीच करा.

दिशा दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. उत्तरेकडे तोंड असलं की समुद्रही डावीकडेच येतो, त्यामुळे एखाद्या वळणावर थांबावंसं वाटलं तर समोरून येणाऱ्या गाड्या कापून पलीकडे जावं लागत नाही. शिवाय महामार्गाचा लांबचा टप्पा पहिल्याच दिवशी, चालवणारा ताजा असताना, संपून जातो.

पहिला दिवस पुणे–कोल्हापूर–राधानगरी, सुमारे २८० किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर जेवण कोल्हापुरात आणि दुपारनंतर राधानगरी. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी तलावाच्या काठाने दाजीपूर, तिथून फोंडाघाट उतरून कणकवली आणि मालवण, सव्वाशे किलोमीटरच्या आत. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाचा हा जलाशय रस्त्यावरून झाडांच्या फटीतून दिसत राहतो. सकाळी नऊच्या आत पाणी शांत असतं, नंतर वारा सुटतो. दाजीपूरच्या जंगलातले गवे संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात. काळ्या अंगामुळे ते हेडलाइटमध्येही अगदी जवळ आल्यावरच दिसतात. हा टप्पा अंधारात ठेवू नका.

तिसरा दिवस मालवणातच. सकाळी सिंधुदुर्ग, ऊन उतरल्यावर धामापूर. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव डोंगरांच्या कुशीत आहे, काठाला भगवती देवीचं देऊळ आहे आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मालवणहून तो पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, तरी बहुतेक गाड्या तारकर्लीतच दिवस काढतात. तारकर्ली–देवबाग हा नदी आणि समुद्र यांच्यामधला अरुंद पट्टा आहे. जायचा-यायचा रस्ता एकच, तोही दोन गाड्या जेमतेम जातील एवढा. तिथे जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत.

चौथ्या दिवशी आचरा, कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग, साधारण ऐंशी किलोमीटर. विजयदुर्गाहून पुढे किनाऱ्याने थेट रस्ता नाही, वाघोटनची खाडी आडवी येते. पडेल कॅन्टीनच्या तिठ्यापर्यंत मागे यावं लागतं. नकाशात समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि लोक इथे तासाभराने फसतात. पाचवा दिवस जैतापूर, आडिवरे, कशेळी, गावखडी, पूर्णगड, पावस, रत्नागिरी आणि आरे-वारेच्या चढावरून गणपतीपुळे, मिळून सव्वाशे किलोमीटर. सगळ्या प्रवासात किनारा सर्वात रानटी आहे तो इथे: एका बाजूला जांभ्याचा उघडा सडा म्हणजे खडकाळ पठार, दुसऱ्या बाजूला खाली फुटणाऱ्या लाटा, मधे दहा-दहा किलोमीटर दुकान नाही. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, पण सकाळी किंवा चार वाजल्यानंतरच जा. डोक्यावरच्या उन्हात रेघांची सावली पडत नाही आणि समोर उभं राहूनही काही दिसत नाही.

सहाव्या दिवशी जयगडची फेरीबोट, तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर आणि गुहागर मुक्काम. सातव्या दिवशी गुहागर–चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, उंब्रज आणि महामार्गाने पुणे. हे पावणेतीनशे किलोमीटर होतात, सात तास धरा. जाताना एक जलाशय आणि येताना दुसरा, असं हे वर्तुळ बसतं.

हरिहरेश्वर या सातात बसत नाही. ते हवंच असेल तर रजा आणखी एका दिवसाची टाका, गुहागरहून धोपावे–दाभोळ आणि वेशवी–बागमांडला या दोन फेऱ्या घेऊन वर जा, आणि परतीला माणगाव–ताम्हिणी–मुळशी हा रस्ता धरा. मग कुंभार्ली आणि कोयना सुटतात. दोन्ही जमवायच्या नादात दिवसाचं चालवणं आठ तासांवर गेलं की चालवणाऱ्याला रस्त्याखेरीज काही दिसत नाही.

वेळेचा हिशेब असा धरा: चौपदरी महामार्गावर ताशी ६०, मुंबई–गोवा महामार्गावर ४५ ते ५०, सागरी महामार्गावर ३० आणि घाटात २५. मोबाइल दाखवतो त्या वेळेत सागरी महामार्गापुरती तिसऱ्या हिश्श्याने वाढ करा. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त चालवणं नको (पहिला आणि शेवटचा दिवस सोडून) आणि साडेपाचला मुक्कामी पोचायचं. अंधार पडल्यावर या रस्त्यांना कडेची पांढरी रेघ बऱ्याच ठिकाणी नसते, गुरं बसलेली असतात आणि चिऱ्याचे डंपर मधून चालतात. एकूण फिरणं हजार-अकराशे किलोमीटर होतं. लिटरला १५ धरले तर ६७ ते ७४ लिटर पेट्रोल. रत्नागिरी, देवगड आणि मालवण इथे टाकी निम्मी असली तरी भरून घ्या. पूर्णगड ते जैतापूर या टप्प्यात पंपाच्या भरवशावर राहू नये.

प्रश्न : ठाण्याहून निघायचं आहे, चारच दिवस आहेत. एवढ्यात काय होईल?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी नेणारी रो-रो बोट आहे. ती तासाभरात पलीकडे सोडते आणि पनवेल–पेण–वडखळचा कंटाळवाणा टप्पा वाचतो. शनिवार-रविवारचं आरक्षण आधी करावं लागतं, कारण गाडीची जागा माणसांच्या जागेआधी संपते. मांडवा, रेवदंडा, मुरूड (पहिला मुक्काम). आगरदांडा–दिघी फेरी, दिवेआगर (दुसरा). श्रीवर्धन, हरिहरेश्वर (तिसरा). म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, मुळशीचा जलाशय आणि पौडवरून द्रुतगती मार्गाने घरी. मालवण यात घुसवू नका. इथे समुद्र उजवीकडे येतो, त्याला इलाज नाही.

रविवारी परतत असाल तर दुपारी तीनच्या आत मुळशी ओलांडा. त्यानंतर पिरंगुट ते चांदणी चौक हा तुकडा चालत गेल्यासारखा सरकतो.

प्रश्न : फेरीबोटीत गाडी चढवायची भीती वाटते. वेळापत्रक पाळलं जातं का? बोट बंद असली तर काय?

या मार्गावर गाड्या नेणाऱ्या चार खाड्या लक्षात ठेवा: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ. पाण्यावरचा वेळ थोडाच असतो, रांगेतला जास्त. साध्या दिवशी पाऊण तास धरा. नाताळच्या आठवड्यात आणि लागून आलेल्या सुट्ट्यांना दीड-दोन तास. पहाटे लवकर आणि रात्री उशिरा फेऱ्यांमधलं अंतर वाढतं, म्हणून शेवटच्या बोटीवर कधीही बेत टांगू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकाला विचारा. बोट दुरुस्तीला गेली आहे का, हे गावात संकेतस्थळाआधी कळतं. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. जेटीवर मोबाइलला रेंज नसली की क्यूआर कोड शोभेला उरतो.

चढवताना चालवणाऱ्याखेरीज सगळ्यांनी उतरून चालत जायचं. गाडी हलकी होते आणि मागचा बंपर उताराला घासत नाही. घासायचा धोका ओहोटीला जास्त असतो, कारण पाणी खाली गेलं की बोटीची फळी आणि जेटीचा उतार यांच्यातला कोन तीव्र होतो. सेडान किंवा खाली बसलेली गाडी असेल तर फळीवर सरळ न जाता थोडी तिरकी घ्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. बोटीला दोन्ही टोकांना फळी असेल तर सरळ आत, सरळ बाहेर. एकाच टोकाला असेल तर खलाशी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतो. त्या वेळी आरशात पाहा, पण हुकूम त्याच्या हाताचा माना. घरच्यांनी बाजूला उभं राहून ओरडू नये. ओल्या लोखंडावर चाक घसरतं, म्हणून पहिला गिअर आणि एकसारखा हलका अॅक्सिलरेटर. मधेच थांबून पुन्हा जोर दिला की चाक जागच्या जागी फिरतं. जागेवर आलं की इंजिन बंद, हँडब्रेक, पहिला गिअर, आरसे मिटलेले.

जयगडची बोट बंद असेल तर घाबरू नका. राई–भातगाव पुलावरून शास्त्री नदी ओलांडता येते आणि गणपतीपुळे ते गुहागर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, अडीच तासांत होतं. दाभोळची बोट बंद असली की मात्र चिपळूण–खेड–दापोली असा सव्वाशे किलोमीटरचा वळसा. त्या दिवशी पुढचा एक थांबा गाळा.

प्रश्न : नवी ऑटोमॅटिक गाडी आहे. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ लागलं. मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठीक आहेत. मग झालं काय?

ब्रेक ठीकच आहेत, तापले होते. सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकमध्ये दोन गोष्टी होतात. पॅड ठरावीक तापमानाच्या वर गेले की त्यांची पकड कमी होते. तेव्हा पेडल घट्टच असतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट तेलातली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. तुमच्या बाबतीत पेडल मऊ झालं म्हणजे गोष्ट तेलापर्यंत पोचली होती. गाडी नवी असली तरी तेल केव्हाचं आहे ते विचारा. दोन वर्षांत एकदा ते पूर्ण बदलायचं असतं, नुसतं वरून भरून भागत नाही.

उतरायची रीत जुनीच आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ वर ठेवून उतरलात तर गाडी वरच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिनाचा अटकाव मिळत नाही. ‘एल’, ‘एस’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरा. इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर गुणगुणेल, त्याने काही बिघडत नाही. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, ठाम, दोन-तीन सेकंद, आणि सोडायचा. सोडलेल्या वेळात तो थंड होतो. हलका पाय सारखा टेकवून ठेवणं सर्वात वाईट.

चढताना एएमटी गाड्यांचं, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकचं, वेगळं दुखणं असतं. पुढे गाडी अडकली की लोक अॅक्सिलरेटरवर गाडी जागेवर तोलून धरतात. आत साधा क्लच असतो आणि तो घासत राहतो. मिनिटभरात वास येतो, मग धोक्याचा दिवा लागतो आणि गाडी पुढे जायचं नाकारते. थांबलात की ब्रेक, चढ मोठा असेल तर हँडब्रेक.

पेडल मऊ लागलंच तर इंजिन बंद करू नका. ते बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. पेडल भराभर दाबा-सोडा, एकेक गिअर खाली या, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर अर्धा तास काहीही करू नका. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते किंवा तडकते. गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी पार्किंगला किंवा गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलायला विसरू नका. घाटात पडलेल्या निम्म्या दगडांचे मालक असेच निघून गेलेले असतात.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, असा नियमच आहे. एसटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाळा. तीव्र वळणावर तिला दोन्ही बाजूंचा रस्ता लागतो. हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडे थांबा, तोंडावर जाऊन नव्हे. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर. वरच्या झोताचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही.

प्रश्न : भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? आणि किनाऱ्यावर गाडी न्यावी का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे आणि नसली तरी न्यायची नाही. पाण्याजवळची ओली वाळू कडक वाटते, तिथवर गाडी आरामात जाते. वळवताना पुढचं चाक कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात शिरतं, लोक जोर देतात आणि चाक स्वतःचा खड्डा खणतं. तोवर भरती लागलेली असते. रुतलीच तर जोर देणं ताबडतोब थांबवा, चारही चाकांची हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा, खाली पायपुसणी किंवा झावळ्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश मागे या, ज्या चाकोरीने आलात त्याच चाकोरीने. नंतर हवा भरल्याशिवाय रस्त्यावर वेग घेऊ नका. खारं पाणी लागलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. इंजिनात किंवा इलेक्ट्रिकच्या जोडण्यांत पाणी गेलं असेल तर स्टार्ट न करता उचलून न्या.

वेळेसाठी कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, येणारा आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. षष्ठीला सहा पाऊणे साडेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा वाजतात. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. तासाभराची चूक गृहीत धरा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा. बेत आखायला मात्र भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

याचा उपयोग असा. सूर्यास्ताला लांबरुंद पुळण हवी तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा, तेव्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी खूप आत गेलेलं असतं. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा अष्टमी-नवमीला दुपारच्या ओहोटीत निवांत होते. उधाणाच्या दिवशी ओहोटी तळाला गेल्यावर तिथे उतरलात तर लगेच फिरा, कारण परतणारं पाणी खडकांच्या घळीतून वेगाने येतं आणि बाहेर पडायची वाट आधी बुडते. त्या वाटेवर माणसांचे जीव गेले आहेत. हेदवीच्या बामणघळीचं उलट आहे. पाणी उसळताना पाहायचं तर भरती हवी, आणि ती लांबून पाहायची. उत्तरेकडे, मुंबई-अलिबागला, उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरच्या वर फरक दाखवते. मालवणला तो जवळपास निम्मा. त्यामुळे वेळ चुकल्याचा फटका रायगडात जास्त बसतो.

पोहण्यासाठी गणपतीपुळे नको. किनारा चटकन खोल होतो आणि ओढ बाहेरची आहे.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेऊन हा प्रवास होईल का?

होईल, पण किनाऱ्यावरच्या चार्जरवर विसंबून नाही. बेत मुक्कामाच्या जागी रात्रभर चार्ज करण्याचा ठेवा. खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा: गाडी उभी राहील तिथपर्यंत पंधरा अँपिअरचा प्लग आहे का आणि त्याला अर्थिंग आहे का? अर्थिंग नसेल तर सोबतचा चार्जर सुरूच होत नाही आणि मालकाला वाटतं गाडीच बिघडली. अशा प्लगवर तीन किलोवॉटच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे दहा तासांत तीस युनिट. विजेचं बिल वेगळं द्यायचं हे आधीच ठरवा. कोकणात वीज जाते, तेव्हा पुढच्या टप्प्याच्या दीडपट चार्ज हाताशी असू द्या.

घाटाची भीती अनाठायी आहे. पावणेदोन-दोन टनांची भरलेली गाडी ६०० मीटर वर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा साधारण साडेतीन युनिट जादा लागतात, आणि उतरताना त्यातले निम्म्याहून अधिक परत मिळतात. फक्त घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरू नका. भरलेली बॅटरी परतीची वीज घेत नाही, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. नव्वदच्या खाली असताना उतरा.

सीएनजी गाडीवाल्यांसाठी: घाटात पेट्रोलवर या, दम जास्त मिळतो, आणि पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा. किनाऱ्याच्या रस्त्याला सीएनजीचे पंप मोजके आहेत आणि रांगा लांब.

प्रश्न : पावसात हिरवं कोकण पाहायचं आहे. जुलैत जावं का?

घाट पाहायला जा, पण या प्रवासाला नाही. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताच जागोजाग वाहून गेला होता. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात. किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, फेरीबोटी वाऱ्यावर अवलंबून. मासेमारीला जून-जुलै बंदी असते, म्हणजे ताटातही सुकं. जायचंच तर एकाच घाटाच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर मुक्काम करा आणि निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहा.

कासची फुलं सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तीही आगाऊ नोंदणी करून. तिथून बामणोलीला उतरलात तर तापोळा समोर दिसतं, पण मधे शिवसागर जलाशय आहे. माणसं होडीने जातात, गाडीला मोठा वळसा पडतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. नाताळ ते एक जानेवारी टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मिळू शकतात. शिमग्याच्या आठवड्यात रस्ते गजबजतात, पालख्यांसाठी थांबावं लागतं. घाई नसेल तर तेही पाहण्यासारखं.

प्रश्न : मुलीला घाटात उलट्या होतात. काही उपाय?

मधल्या सीटवर, पुढचा रस्ता दिसेल असं बसवा. वयाने आणि उंचीने चालत असेल तर पुढे. मोबाइल आणि पुस्तक बंद. निघण्यापूर्वी पोट रिकामंही नको आणि तळलेलं खाल्लेलंही नको. केळं किंवा सुकी चपाती बरी. एसी आतल्या हवेवर फिरवत ठेवू नका, बाहेरची हवा घ्या, आणि गाडीतलं सुगंधी काय असेल ते काढून डिकीत टाका. गोळी डॉक्टरांना विचारून, घाटात शिरल्यावर नव्हे तर तासभर आधी. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने घ्यायची नाही. बहुतेक वेळा मूळ कारण चालवणं असतं: वळणात ब्रेक, वळणातून निघताना जोर. दोन्ही थोडं आधी आणि हलक्या पायाने केलं तर निम्मा त्रास जातो.

प्रश्न : घरगुती मुक्काम ठरवताना काय विचारावं?

गाडी कुंपणाच्या आत राहते का, शेवटचा रस्ता डांबरी आहे की पाखाडी, आणि जेवण किती वाजता. पाखाडी म्हणजे चिऱ्यांची पायवाट, काही घरांपर्यंत गाडी जातच नाही आणि सामान उचलून न्यावं लागतं. जेवणारी माणसं किती, मासे खाणारी किती, हे सकाळी दहाच्या आत फोन करून सांगा. त्यावर त्या घरची बाजारहाट ठरते, संध्याकाळी सातला पोचून सुरमई मागितली तर मिळेल ते खावं लागेल. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारी घरं बरीच आहेत, त्या दिवशी मासे शिजत नाहीत. हर्णेला मुक्काम असेल तर चारनंतर बंदरावर लिलाव पाहा. तिथे ढिगाने विकतात, किलोने नाही, म्हणून घ्यायचंच असेल तर घरमालकीणबाईंना बरोबर न्या.